टाकीतल्या सात अक्षता

मित्रांनो, मला आता मोटारसायकल म्हणण्याचे कष्ट कुणी घेत नाही. सित्र्याच्या एका गॅरेजमागे, फुटक्या बॅटऱ्यांच्या शेजारी मी पडून आहे. समुद्राची खारी हवा आणि बहारीनची वाळू, दोघींनी मिळून मला खाल्लं. खाऊ द्या! त्याचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते सांगते.

माझा जन्म जपानचा. १९७३ साली मालवणच्या महादेवनं मला जुन्या बाजारातून घेतलं, तेव्हाच माझा रंग उडालेला होता. महादेव याच गॅरेजात मेकॅनिक होता. माझं इंजिन टू-स्ट्रोक. आमच्या जातीला तेल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. म्हणजे पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी, आणि तेल कमी की पिस्टन तापून जागच्या जागी चिकटलाच म्हणून समजा. महादेव चहाच्या छोट्या काचेच्या पेल्यानं तेल मोजायचा, पेट्रोल धुवट फडक्यातून गाळायचा. दर महिन्याला सायलेन्सर उतरवून आतली काजळी खरवडायचा. इतकं तर पोटच्या पोराचं कुणी करत नाही. मी तोऱ्यातच होते म्हणा ना.

त्याचा बाप शिवदास मालवणला होडीवर मासेमारी करायचा. पोरानं होडी सोडून यंत्राच्या नादी लागावं हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. “मशीन तुका अर्ध्या वाटेत सोडतला,” एवढंच बोलून त्यानं तोंड फिरवलं, आणि पुढची पाच वर्षं बापलेकांत एक शब्द नाही. महादेव मला पुसता पुसता हे सगळं सांगायचा. माणसांना सांगायची त्याला लाज वाटे.

आता ऐका चूक कशी झाली. दसऱ्याला महादेव माझी पूजा करायचा. झेंडू कुठून आणणार, कण्हेरीची फुलं आणायचा. हळद, कुंकू, लाल अक्षता. आणि त्याचा एक स्वतःचाच रिवाज होता. पूजेच्या वेळी टाकीचं झाकण उघडं ठेवायचं. देव तोंड मिटून नैवेद्य कसा खाईल, असं त्याचं म्हणणं. आधी पेलाभर तेल ओतायचा, मग हात जोडून अक्षता टाकायचा. १९७७ च्या दसऱ्याला त्या अक्षतांतले काही दाणे उघड्या टाकीत पडले. मला कळलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

टाकीच्या तळाशी पेट्रोल खाली सोडणारा कॉक असतो. त्यावरची जाळी केव्हाच सडली होती. चालता चालता दाणे त्या भोकाशी जमायचे, पेट्रोल अडायचं आणि मी आचके देत बंद पडायचे. थांबून हलवलं की दाणे बाजूला सरायचे आणि मी पुन्हा चालू. महादेवनं प्लग बदलला, कार्ब्युरेटर तीनदा सोडवून धुतला, पॉइंट घासले. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! त्याच्याबरोबर काम करणारा रत्नागिरीचा जमालुद्दीन एकदा म्हणालाही, टाकी उतरवून बघ. महादेवला ते लागलं.

“टाकीत काय असतला?” तो म्हणाला. “मी पेट्रोल गाळून घालतंय.”

मी आतून ओरडत होते, मित्रांनो. पण यंत्राचं ओरडणं म्हणजे फटफट, आणि तिचा अर्थ माणूस आपल्या सोयीनं लावतो.

त्या हिवाळ्यात बापाचं पत्र आलं. छातीचं दुखणं वाढलंय, एकदा तुझा आवाज ऐकायचाय. मालवणच्या एका किराणा दुकानात फोन होता. दिवस शुक्रवारचा ठरला, कारण इथे सुट्टी. महादेवनं पुलापलीकडच्या मनामाच्या फोन ऑफिसात चारचा कॉल बुक केला. तीन वाजता नवा सदरा घालून तो निघाला. जमालुद्दीन गाडीनं सोडतो म्हणत होता. महादेव माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाला, ही आहे ना.

सित्र्याच्या पुलावर मी बंद पडले. त्यानं सवयीनं प्लग काढला, पुसला, लावला, फुंकला. वीस मिनिटं गेली. दाणे हलले, मी चालू झाले. तो हसला आणि त्यानं मला पळवलं. पुन्हा दाणे आले, तेल तुटलं आणि माझा पिस्टन जागीच चिकटला. मी स्वतःला किती रेटलं ते मलाच ठाऊक. दोन्ही बाजूंना पाणी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला कठड्याला टेकवून तो पळत सुटला.

मागून मला गाडीत घालून परत आणताना जमालुद्दीननं सांगितलं ते असं. महादेव पोचला तेव्हा पाच वाजत आले होते. काउंटरवरच्या मुनीराबाई म्हणाल्या, कॉल लागला होता, तिकडून एक म्हातारा बराच वेळ हॅलो हॅलो करत होता. मग त्यांनी हात हलवला. “खलास.” पुन्हा लावला तर दुकान बंद झालेलं.

महादेवनं लगेच माफीचं पत्र टाकलं. ते पोचायच्या आतच बापाचं आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘दुकानात तीन तास बसलो. लोक बघत होते. तुला वेळ नाही, समजलो. आता फोन नको.’ त्यानंतर नऊ दिवसांनी तार आली. माफीचं पत्र बापानं ऐकलं की नाही, हे महादेवला कधीच कळलं नाही.

तार आली त्याच सकाळी त्यानं माझी टाकी उतरवली आणि पांढऱ्या फडक्यावर उपडी केली. सात दाणे पडले. पेट्रोलात राहूनही कुंकवाची लाली थोडी शिल्लक होती. जमालुद्दीननं लांबूनच विचारलं, कचरा काय निघाला?

“कचरो नाय रे,” महादेव म्हणाला. “अक्षता. माझ्याच हातच्या.”

त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सातही दाणे त्यानं पुन्हा टाकीत टाकले, झाकण घट्ट लावलं आणि मला इथे आणून ठेवलं. त्यानंतर आठ वर्षं तो याच गॅरेजात होता. दुसऱ्यांच्या गाड्या आल्या की आधी टाकी उतरवायचा. माझ्याकडे फिरकला नाही. १९८६ साली कायमचा गावी गेला, तेव्हाही नाही.

मित्रांनो, यंत्रावर माया करा, पूजाही करा, पण झाकण लावून आणि डोळे उघडे ठेवून. कुणी सांगितलं टाकी बघ, तर रागावू नका, बघा. नाहीतर माझ्यासारखं होतं. वारा सुटला की माझी रिकामी टाकी हलते आणि आत सात दाणे वाजतात. मला मात्र दरवेळी वाटतं, मालवणच्या त्या दुकानात कुणीतरी अजून हॅलो हॅलो करतंय.