मालक नसलेलं कूपन

राजा, सरकार आणि बँक या तिघांनाही न विचारता चाललेलं जगातलं पहिलं चलन राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत जन्माला आलं. माणसाचा माणसावरचा विश्वास, एवढंच त्याचं तारण होतं. ही ऐतिहासिक घटना सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यातली. चॉकलेटं वितळायला लागली म्हणून ती घडली.

त्या वर्षी सुट्ट्या पैशांची टंचाई होती. आठ आणे परत द्यायचे तर दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर एक चॉकलेट ठेवायचा आणि गिऱ्हाईक ते मुकाट्यानं चघळायचं. एप्रिलमध्ये बरण्यांतली चॉकलेटं कागदासकट एकमेकांना चिकटली. तेव्हा कुणीतरी राजवर्धनच्या छापखान्यात जाऊन आठ आण्यांची आणि रुपयाची कूपनं छापून घेतली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही.

"एक माणूस आलता, रोख दिली, गड्ड्या घेऊन गेला," राजवर्धन सांगायचा.

"नाव काय त्याचं?"

"रोख देणाऱ्याला नाव कोण विचारतंय, सर?"

ते बघून बाकीच्या दुकानदारांनीही छापून घेतली. पुठ्ठा गुलाबी होता, कारण तो एका मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचा होता. कापून कूपनं केल्यावर पाठीमागं काहींवर गणपतीची सोंड आली, काहींवर नुसता मोदक, आणि थोड्यांवर 'आपले नम्र'. देवाचं चित्र असल्यामुळं कूपन कुणी फेकत नव्हतं आणि खोटं छापायची कुणाची छातीही होत नव्हती. मग पत्रिका संपल्या, म्हणून छपाई थांबली. अर्थशास्त्रात याला मर्यादित पुरवठा म्हणतात. माझा वरच्या मजल्यावर अकरावी-बारावी कॉमर्सचा क्लास होता, म्हणून मला हे माहीत. गल्लीला माहीत असायची गरज नव्हती.

नियम एकच होता. गल्लीत कूपन कुणीही आणलं तरी कुणीही घ्यायचं. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, सही-शिक्का नाही. कोल्हापुरात अध्यक्ष नसलेली ही बहुधा एकमेव गोष्ट असावी.

गल्लीच्या तोंडाला बयाबाईची चहाची टपरी होती. चहा दीड रुपयाला. त्या दीडातला अर्धा रुपया कूपनात यायचा, म्हणजे अख्ख्या गल्लीचं गुलाबी फिरून फिरून तिच्याकडं येऊन बसायचं. दूधवाला आणि रॉकेलवाला गल्लीबाहेरचे, त्यांना नोटा लागायच्या. साखर आणि चहापत्ती तेवढी ती प्रभुलिंगच्या किराणा दुकानातून कूपनावर घ्यायची. उरलेली कूपनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडायची.

त्या डब्याला एक पत्ता होता. गुरुपादच्या शिलाई मशीनच्या दुकानात काचेमागं एक जुनं, पायानं चालवायचं मशीन होतं. बयाबाईची मुलगी स्नेहल शिवणक्लास पुरा करून दुसऱ्याच्या मशीनवर ब्लाऊज शिवत होती, आणि निम्मी शिलाई त्या मशीनवालीला देत होती. बयाबाईनं गुरुपादला विचारलं होतं, "मशीन कूपनात द्याल काय?"

"घ्या की अक्का. गल्लीचंच न्हवं काय कूपन?" गुरुपादनं काचेवरची धूळ पुसून दाखवली होती.

दिवाळीपर्यंत शे-सव्वाशे रुपये कमी पडत होते, एवढंच.

दिवाळीनंतर प्रभुलिंगच्या गल्ल्यात तीन कूपनं सापडली. छपाई फिकट, सोंड अस्पष्ट. प्रभुलिंग अख्ख्या गल्लीला उधारीवर माल पुरवायचा, त्यामुळं त्याला शिंक आली तरी गल्ली रुमाल काढायची. त्यानं ती तीन कूपनं माझ्या टेबलावर आपटली.

"खोटी हायत. बाहेर कोणतर छापाय लागलंय. कूपन बदलाय पायजे, सर. रंग बदला, आकार वाढवा, नंबर घाला."

माझ्याकडं बाकं होती, म्हणून रविवारी सगळे माझ्या क्लासमध्ये जमले. दुकानदार बाकांवर गुडघे घालून बसले. मालक कुणीच नसल्यामुळं ठराव बहुमतानं नाही तर सर्वानुमते व्हायला हवा, असं पहिल्याच बैठकीत सर्वानुमते ठरलं. त्यानंतर बरेच रविवार सर्वानुमते काहीच ठरलं नाही.

सायकल दुकानवाला ज्ञानू मूळ कूपनाचा कट्टर. "देव न्हाई त्या कूपनावर कोण ठेवणार इश्वास? उद्या हिरव्या कागदावर काय छापशील रं राजवर्धन? बैल?"

"नंबर छापणार. नंबर खोटा न्हाय होत," राजवर्धन म्हणाला. हिरवा पुठ्ठा त्यानं आधीच आणून ठेवला होता.

"नंबर कोण लक्षात ठेवणार? तुझा बा?"

"आरं, आकार तरी वाढवा," गुरुपाद म्हणाला. "एवढंसं कूपन. परवा उंदरांनी चार खाल्ली."

"उंदराचं काम हाय ते. कूपनाला कशाला दोष देतूस?"

आकारावर दोन रविवार गेले. एका मोठ्या कूपनात जास्त रुपये बसवावेत की छोटी कूपनंच राहू द्यावीत, यावर ज्ञानू आणि गुरुपाद यांचं बोलणं बंद झालं. मग मत कुणाला, हा प्रश्न निघाला. प्रभुलिंग म्हणाला, ज्याच्याकडं जास्त कूपनं त्याला जास्त मतं. ज्ञानू म्हणाला, दुकानाला एक मत. टपऱ्या आणि हातगाड्यांचं काय, असं मी विचारलं.

"शटर असंल त्याला मत," प्रभुलिंगनं निकाल दिला. यावर मात्र कुणाची हरकत आली नाही.

बयाबाईच्या टपरीला शटर नव्हतं, फळ्या होत्या. ती त्याच वेळी किटली घेऊन बाकांमधून फिरत होती. गल्लीत सगळ्यात जास्त गुलाबी जिच्याकडं, ती बैठकीत होती. कप भरत होती.

"व्हय वो प्रभुअण्णा, माझ्या डब्यातल्याचं काय हुईल?" तिनं विचारलं.

"तुमचं कुटं जातंय मावशी? जुनं बदलून मिळंलच की."

"कोण देणार?"

"गल्ली दील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरवं आलंच तर गुलाबीच्या बदली हिरवं देण्यात यावं, हे वाक्य त्या दिवशी एकमतानं मंजूर झालं. सहा रविवारांतला तिसरा आणि शेवटचा ठराव. गल्लीचं दुकान कुठल्या नंबरला आहे, हे कुणी विचारलं नाही. मी कॉमर्स शिकवतो. मीही नाही.

सोमवारी सकाळी राजवर्धनकडून हिरव्या गड्ड्या आल्या आणि प्रभुलिंगच्या दुकानावर पाटी लागली: 'एक तारखेपासून इथे फक्त हिरवे कूपन चालेल.' बैठकीत न झालेला निर्णय एका खिळ्यावर झाला. दुपारपर्यंत गल्लीच्या उजव्या बाजूला पाट्या लागल्या. डाव्या बाजूनं ज्ञानूच्या पुढाकारानं 'येथे मूळ गुलाबीच' अशा लावल्या. चार दिवस गल्लीत दोन चलनं होती आणि मधून रिक्षा जात होत्या. साबण घ्यायला उजवीकडं गेलेली बाई सुट्टे घेऊन डावीकडं खिळे घ्यायला गेली, तर दोन्हीकडून शिव्या खाऊन परतायची.

पण डावीकडच्यांनाही साखर उजवीकडूनच लागत होती. चौथ्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं, की एक तारखेला गुलाबी मेलं. हे कुणी कुणाला बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चहा फार प्यायला गेला.

एरवी एका कपात दोघं भागवणारे दुकानदार नोकरांनाही अख्खा कप सांगायला लागले. गुरुपादनं आजऱ्याहून आलेल्या पाहुण्यांना दोनदा पाजला. प्रभुलिंगनं बैठकांच्या चहाचं बिल मागितलं नसताना चुकतं केलं. आणि मूळ कूपनाचा कट्टर रक्षक ज्ञानू स्वतः टपरीवर गेला आणि चार महिन्यांची उधारी एकदम फेडली. सोंडा, मोदक, आपले नम्र, सगळं ओंजळीनं ओतलं.

"एवढी घाई काय रं ज्ञानू?" बयाबाई म्हणाली.

"देणं ठेवू ने मावशी. रातचं झोप लागत न्हाय."

बयाबाई खूश होती. मला म्हणाली, "सर, गल्लीला देव पावला बघा. डबा भरला. उद्या मशीन आणतो. तुमी यायचं हां, पावती वाचाय."

उद्या म्हणजे एक तारीख. मी आणि बयाबाई डबा घेऊन गेलो. मागं स्नेहल होती, तिनं मशीनवर टाकायला घरून काठापदराची जुनी साडी घडी करून आणली होती. गुरुपादच्या काचेवर हिरवी पाटी होती. आदल्या दिवसापर्यंत तिथं पाटी नव्हती.

"अक्का, मी न्हाय म्हणालो काय?" गुरुपाद काउंटर पुसत म्हणाला. "कूपनात देतो म्हणालतो, देतो. हिरव्यात द्या."

"हिरवं मला कोण दिलं वो? मला तर सगळ्यांनी ह्येच दिलं. तुमीबी काल दिलासा."

"काल चालत हुतं की."

"मग आज बदलून द्या."

"मी एकटा कसा बदलू? गल्लीनं बदलायचं ठरलंय. सरांना इचारा, सर हुते बैठकीला."

मी होतो. म्हणून मी डबा घेऊन गल्ली शोधायला निघालो. प्रभुलिंग म्हणाला, "कूपन काय माझं हाय, सर? गल्लीचं हाय. सगळे देत असतील तर मी पयला दीन." सगळे म्हणाले, प्रभुअण्णा देत असतील तर आम्ही लगेच. ज्ञानूनं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. त्याच्या गुलाबी पाटीच्या पाठीवर हिरव्या रंगानं नवीन मजकूर लिहून वाळत ठेवला होता. राजवर्धन म्हणाला, "मी नुसता छापणारा." हे सांगताना प्रत्येकानं मला चहा सांगितला. टपरी बंद असल्यानं तो आला नाही.

दुकानाच्या पायरीवर स्नेहल आईला म्हणाली, "चल गं. लोकं बघाय लागल्यात." साडीची घडी तिनं मोडली नव्हती.

मशीन चार दिवसांनी मलकापूरच्या एका टेलरनं नोटा देऊन नेलं.

पंधरवड्यानं कोपऱ्यावरच्या बँकेत नाण्यांच्या पिशव्या आल्या. गल्ली रांगेत उभी राहिली. हिरवं कूपन महिनाभरही चाललं नाही. शटरवाल्यांनी आपापसात बसून हिरव्याचा हिशेब नोटांनी मिटवला, पै न पै. तो सर्वानुमते मिटला. बयाबाईचा डबा टपरीत देवाच्या फोटोखाली गेला. आत सोंडा होत्या, त्यामुळं चुलीतही घालता येईना. चहा तिनं दोन रुपये केला. स्नेहल दुसऱ्याच्या मशीनवर ब्लाऊज शिवतच राहिली.

मेमध्ये मी क्लासची जाहिरात छापायला राजवर्धनकडं गेलो. शेवटच्या गठ्ठ्यातल्या जाहिरातींवर माझं नाव अर्धं उठलं होतं.

"हे काय रे?"

"शाई संपत आली की असंच उठतंय, सर. त्या तीन कूपनांचं झालतं तसं."

"म्हणजे ती खोटी नव्हती?"

"कुठली वो? माझीच हुती. शेवटच्या पत्रिकेची."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"हिरव्याची ऑर्डर लागलती की," राजवर्धन म्हणाला आणि मशीनचा हात ओढला.

छपाईच्या शाईचा डबा तेव्हा पस्तीस रुपयांना मिळायचा.