गंजीचं पोट

कडब्याच्या गंजीवर चढलेल्या माणसाला खालून सल्ला देणं हा आमच्या गावाचा मुख्य धंदा. शेती आम्ही फावल्या वेळात करतो.

त्या दिवशी गंजीवर काटकी होती, त्यामुळे धंदा चांगलाच तेजीत होता. काटकी म्हणजे आमच्या शेजारची पोरगी. अंगानं काडी म्हणून हे नाव पडलं, पण डोक्यावर भारा घेऊन निघाली की रस्त्यातले बाप्येसुद्धा गुपचूप बाजूला होतात. दरवर्षी कडब्याची गंजी तिचा बाप रचायचा. यंदा गोठ्याचं छप्पर नीट करताना त्याची शिडी सरकली आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कडबा खळ्यावर उघडा पडलेला, आणि अवेळी आलेलं आभाळ भांडलेल्या सोयऱ्यासारखं तोंड फुगवून डोंगराच्या कडेला बसलेलं. गेल्या साली खालच्या आळीतल्या एका घरच्या गंजीत पाणी शिरलं होतं. कडबा आतून काळा पडला. गुरांनी एकदा हुंगला आणि माना फिरवल्या. ऐन उन्हाळ्यात त्या घरानं गुरं विकली. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, काटकीच्या बापानंही.

तरी काटकी म्हणाली "मी रचते" तेव्हा घरात भांडण झालंच. तिच्या काकाचं म्हणणं, पोरीबाळी गंजीवर चढायला लागल्या तर आम्ही काय करायचं. मग तुझ्या पोराला चढव, असं काटकीची आई म्हणाली. काकाचा पोरगा बाजेवर मोबाईल बघत पडला होता. आपलं नाव आलंय हे कळल्यावर तो दुसऱ्या कुशीवर वळला. प्रश्न तिथंच मिटला.

बापानं मान डोलावली, पण सरळ डोलावली असती तर तो आमच्या गावचा बाप कसला. काटकी वर्षभर त्याच्या मागं लागली होती की वरचा तुकडा मला कसायला दे. ते त्यानं आता बाहेर काढलं.

"गंजी उभी राहिली आणि आत थेंब गेला नाही, तर तुकडा तुझा. कोसळली, तर सोमवारपासून शिंप्याकडे शिवणाच्या वर्गाला जायचं. मग शेतीचं नाव काढायचं नाही."

काटकी आणि सुई यांचं जन्माचं वैर. एकदा तिनं बापाच्या सदऱ्याला गुंडी लावायला घेतली, आणि उठायला गेली तर सदरा तिच्याच परकराला शिवलेला. ती ओढणी कमरेला खोचून खळ्यावर गेली.

पोरांना धीर कसा द्यावा हे आमच्या मोठ्या माणसांना कुणी शिकवलेलंच नाही. पोरगं काही करायला निघालं की आम्हाला फक्त त्याची चूक दिसते, आणि ती दिसली की आमचा जीव थंड होतो. त्या दिवशी सकाळपासून खळ्याच्या बांधावर एकेकजण येऊन बसू लागला. पहिला कंडक्टर. एसटीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण जिथं चार माणसं दिसतील तिथं तो अजून पुढं सरका म्हणतो. मग खांद्यावर टेप टाकून शिंपी आला. सोमवारी आपल्या वर्गात एक पोरगी वाढणार अशी बातमी त्याला लागली होती, त्यामुळे खुशीत होता. मग काका. मग ज्यांना घरी काम होतं ते सगळे. मीही होतो, कशाला लपवू.

खाली दगड मांडून, त्यावर फांद्या टाकून काटकीनं बूड छान धरलं. आई खालून पेंढ्या फेकायची, काटकी वर झेलून लावायची. बुडखा बाहेर, शेंडा आत. आणि बांधावरून सुरू झालं. कंडक्टर म्हणाला, अगं ती पेंढी बाहेर आली, आत घे. तिनं घेतली. शिंपी म्हणाला, उजवी कड डावीपेक्षा बोटभर खाली आहे, माझी नजर टेपसारखी आहे. तिनं उजवी कड उचलली. काका म्हणाला, कोपरा मार खातोय. तिनं कोपरा सोडवून पुन्हा लावला. बाप झाडाखाली प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. तो काही बोलत नव्हता, पण प्रत्येक सल्ल्याला असा उसासा टाकायचा की तो सल्ल्याहून वाईट. आणि पोरगी प्रत्येक उसाशासरशी कडेला धावायची.

दुपार कलेपर्यंत गंजीची कड न्हाव्यानं गाल घोटावा तशी झाली होती. बांधावर समाधान पसरलं. आपण सगळ्यांनी मिळून काय सुरेख गंजी रचली, असं आम्ही एकमेकांना सांगायला लागलो.

तेवढ्यात गंजी बसली.

आवाज फार झाला नाही. म्हैस खाली बसताना सोडते तसा एक श्वास सोडला, मधून खचली, आणि एका अंगाला पोट सुटलेल्या माणसासारखी फुगली. काटकी वर कशीबशी उभी राहिली. खाली हसू फुटलं. शिंप्यानं खांद्यावरची टेप काढून हातात घेतली, जणू माप आत्ताच घ्यायचं होतं. बाप उठला.

"उतर खाली. झालं तेवढं बास."

काटकी उतरली नाही. गुडघे पोटाशी घेऊन वरच बसून राहिली. रडत असावी, पण आम्ही खाली असल्यामुळे दिसत नव्हतं. आम्हाला खालून फक्त कड दिसायची.

तेव्हा आत्या आली. आत्या म्हणजे काटकीच्या बापाची थोरली बहीण. तिला गावातला कुणी आत्याशिवाय दुसरं काही म्हणत नाही, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा. गुडघा गेलेला, हातात काठी, आणि तोंड असं की तिच्यासमोर कुत्रीसुद्धा विचार करून भुंकतात. तिनं गंजीभोवती फेरी मारली नाही की कपाळाला हात लावला नाही. शिडीपाशी उभी राहिली आणि वर हाक मारली.

"काटके, मला हे गुडघं चढू देत नाहीत. तू सांग, वर काय दिसतंय?"

"कड सरळ आहे, आत्या."

"कड या रिकामटेकड्यांना पण दिसते. तुझ्या पायाखाली काय आहे ते सांग."

काटकी उठली. कडेवरून मध्यावर गेली, आणि आम्हाला तिचं फक्त डोकं दिसायला लागलं.

"खड्डा आहे," ती आतून म्हणाली. मग खाली वाकून बघत, "बुडखे जाड असतात ना. कड वर चढत गेली आणि मधे मी काही भरलंच नाही. पाऊस पडला असता तर सगळं पाणी आतच आलं असतं."

"मग?"

वरून काटकी पायानं खड्डा चाचपत असल्याचा आवाज आला. कंडक्टरनं तोंड उघडलं तर आत्यानं न बघताच काठी त्याच्याकडे केली.

"अर्धी उतरवते," काटकी म्हणाली. "मधलं भरून परत रचते."

बापानं आभाळाकडे बघितलं. ढग आता डोंगर सोडून पुढं आले होते. दिवस मावळायच्या आत हे व्हायचं नाही, माणसं कुठायत, असं तो चिडून म्हणाला.

"माणसं?" आत्या बांधाकडे वळली. "ही काय, बांधावर पिकलीत." आणि तिनं कायदा सांगितला. आजपासून या खळ्यावर सल्ला फुकट नाही. ज्याला सल्ला द्यायचाय त्यानं पेंढ्यांचा कवळा, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा, उचलून शिडीपर्यंत न्यायचा, आणि मग बोलायचं. एका सल्ल्याला एक कवळा. नुसतं बोललेलं चालणार नाही.

आम्ही हसलो. कोण कशाला बोलतंय आता, असं वाटलं. पण आमच्या गावचा माणूस जेवणाशिवाय राहील, सल्ल्याशिवाय नाही. काटकीनं वरच्या पेंढ्या खाली ढकलायला सुरुवात केली आणि कंडक्टर लगेच म्हणाला, अगं एकेक टाक. आत्यानं काठीनं पेंढ्या दाखवल्या. गेला बिचारा. परत येताना म्हणाला, हे अन्यायाचं आहे, तर तोही सल्लाच धरला. काकानं तीन वेळा गप्प बसायचं ठरवलं आणि चार कवळे वाहिले. शिंप्यानं तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ आवळले होते. आम्हाला वाटलं, हा जिंकणार. पण काटकी मधे पेंढ्या आडव्या-उभ्या घालून पायानं तुडवायला लागली आणि कडेकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. "पोरी, ती डावी कड बघ गं, वाकडी जातेय." त्याला कवळा घेताना टेप पायात अडकली आणि तो पेंढ्यांसकट आडवा झाला. काकाचा पोरगासुद्धा आला होता. त्यानं मोबाईलमध्ये गंजी कशी रचतात त्याचा व्हिडिओ काढून दाखवला. त्याला आत्यानं दोन कवळे दिले.

वरून काटकी आता हुकूम सोडत होती. "काका, आखूड पेंढ्या द्या. शिंपीकाका, हळू, शेंडे मोडतात." काका देत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं मागितल्याबरोबर दिलं.

बाप तेवढा झाडाखाली उभा होता. एकदा त्यानं तोंड उघडलं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं, मग डाव्या हातानं एक पेंढी उचलली, शिडीपाशी नेऊन ठेवली आणि काही न बोलता परत फिरला. पुन्हा एक नेली. सल्ला न देता पेंढी वाहणारा त्या दिवशी तो एकटाच.

उजेड जाता जाता माथा झाकून झाला. गंजी देखणी नव्हती. आईनं घाईत भांग पाडलेल्या पोरासारखी तिची कड इकडे तिकडे गेलेली. पण मधे टेकडीसारखी उंच, पोट गच्च भरलेलं.

रात्री पाऊस येऊन गेला, चांगला धो धो. सकाळी आम्ही सगळे खळ्यावर हजर. बापानं चांगल्या हाताची बाही वर सारली आणि गंजीच्या अंगात खांद्यापर्यंत हात घातला. आत चाचपला. काढला. हाताला काडीचा कोरडा भुगा लागलेला. तो त्यानं नाकाशी नेला, मग बैलाच्या तोंडासमोर धरला. बैलानं तो चाटूनपुसून खाल्ला.

शाबास वगैरे शब्द त्या माणसाकडे कधी नव्हतेच. त्यानं हात धोतराला पुसला आणि काटकीकडे वळला.

"वरच्या तुकड्यात यंदा काय घ्यायचं म्हणतेस?"

विचारून तो थांबला. खरंच थांबला, उत्तरासाठी. काटकी मातीकडे बघत विचार करायला लागली.

"मी सांगतो," कंडक्टर बांधावरून उठत म्हणाला. "त्या जमिनीत ना..."

आत्याला काठी उचलायची गरजच पडली नाही. काटकीनं गोठ्याच्या दाराआडचं फावडं काढलं, कंडक्टरच्या हातात दिलं आणि त्याला वरच्या तुकड्याची वाट दाखवली.

"चला काका," ती म्हणाली. "पुढं सरका."