पेटी कुठे ठेवाल?

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. शहरात मला हार्मोनियम म्हणतात; पण धरमतर खाडीच्या काठी ज्या गावात माझं आयुष्य गेलं, तिथे मी नुसती पेटी. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, पण फुप्फुस आहे. त्याला भाता म्हणतात. भात्यात वारा भरला की मी जागी होते आणि कुणी पट्ट्यांवर बोटं ठेवली की बोलू लागते.

मुंबईतल्या एका अरुंद गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. अंग सागवानी, आतले सूर, म्हणजे वाऱ्याने थरथरणाऱ्या पितळी पात्या, गुजरातेतून आलेले. तो एकेक सूर घासायचा, कानाशी धरायचा, मान हलवून पुन्हा घासायचा. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाने वर्गणी काढून मला विकत घेतलं, आणि काळूरामच्या मांडीवर बसून एसटीने मी गावात आले.

हा काळूराम दिवसा मिठागरात मीठ ओढायचा. हातांना मिठाने भेगा पडलेल्या. पण संध्याकाळी हात धुऊन तो माझ्यापुढे बसला, की त्याच भेगाळ बोटांतून लोण्यासारखे सूर निघायचे. आणि कीर्तन असेल त्या दिवशी तर काय सांगू! पूर्वरंगात बुवा निरूपण करायचे, तेव्हा मी मागे मंद सूर धरून असायचे. मधल्या विसाव्यात बुवांच्या कपाळी बुक्का, गळ्यात हार. मग उत्तररंगात आख्यान. आख्यानातला गरीब भक्त देवाच्या दारी निघाला की मी हळू व्हायचे, देव त्याच्याकडे धावत आला की दुडक्या चालीने पळायचे. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. बुवा म्हणायचे, "मंडळी, देव कीर्तनात नाचतो, पण त्याला सूर पेटी देते हो!" लाकूड असूनही मी लाजायचे.

पुढे देवळात विजेवरचा कीबोर्ड आला. त्यात तबला, बासरी, सगळंच. मग मला कोण विचारणार? काळूरामने मला घरी आणलं आणि पलंगाखाली सारलं. खाऱ्या वाऱ्याने माझ्या पट्ट्या फुगल्या. कधी माझ्यावर कांद्याची टोपली, कधी धुतलेल्या कपड्यांचा ढीग. रागावले नाही मी. पण श्वास कोंडला की कसं वाटतं, ते तुम्हाला सर्दीत कळत असेल.

मग एक दिवस काळूरामच्या सुनेने, अमिषाने, मला बाहेर ओढलं, पुसलं आणि ओटीवर ठेवून माझ्या पाठीवर लॅपटॉप मांडला! लग्नाआधी ती पनवेलला एका प्रवास कंपनीत नोकरीला होती. लेकीचा, राहीचा, जन्म झाला आणि नोकरी सुटली. पण माणसांना नवं गाव दाखवायची हौस सुटली नाही. तिने ठरवलं, घरातूनच सहली काढायच्या. मी सुखावले. सूर नाही तर नाही, रोज माझ्यापुढे कुणी मांडी घालून बसत तर होतं.

तिचं फोनवरचं बोलणं ऐकून मला या धंद्याची मेख कळली. घरून काम करणाऱ्या एजंटाच्या स्वतःच्या बस नसतात. तो एखाद्या मोठ्या एजन्सीच्या आधाराने काम करतो. माणसं आपली, गाडी त्यांची. आणि काही बिघडलं, तर माणसं एजन्सीच्या दारात जात नाहीत, आपल्या दारात येतात. म्हणून आधी एजन्सी पारखायची.

अमिषा पारखू लागली. कुणी म्हणे, "मॅडम, आजच जॉईन व्हा, उद्या आयकार्ड, परवा तुम्हीच मालक!" ती गोड आवाजात विचारायची, "तुमच्याकडचं काम सोडून गेलेल्या एखाद्या ताईचा नंबर द्याल?" की पलीकडे फोनला अचानक रेंज मिळेनाशी व्हायची.

तिचा नवरा मितेश कंटेनर चालवायचा. तो हसायचा. "मला बघायला आलात तेव्हा एवढे प्रश्न विचारले नव्हतेस तू."

"म्हणून तर आता शहाणी झाले," अमिषा म्हणाली.

सासूबाई, ठमी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोयरीक जुळवताना पोराला कोन इचारतं गो? त्याच्या शेजारणीला इचारायचं."

अमिषाला ते पटलं. तिने एजन्सीवाल्यांना सोडून त्यांच्या ड्रायव्हरांना, लॉजवाल्यांना, जेवण रांधणाऱ्या बायकांना फोन लावले. चाळता चाळता दोनच नावं उरली. एक पनवेलची, काचेच्या ऑफिसची एजन्सी. दुसरे मुरुडचे सिराजुद्दीनभाई. ते मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला, माणसं पाठवायचे आणि इकडच्या सहलींसाठी बसही द्यायचे.

तेवढ्यात पहिली सहल दारात आली. गावच्या भजनी मंडळींना नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. बहुतेक सगळी म्हातारी माणसं, त्यांत ठमी आणि काळूरामही. काळूरामची बोटं आता आखडू लागली होती. "एकदा दत्ताच्या पायाशी पेटी वाजवीन. मग बोटं ऱ्हावोत नाय तं जावोत," असं तो म्हणायचा. त्यासाठी अलिबागहून माणूस बोलावून त्याने माझा भाता नीट करून घेतला. लॅपटॉप पाटावर गेला, मी पुन्हा पेटी झाले.

अमिषाला मात्र धास्ती होती. गावातले आईबाप तिच्या शब्दावर निघणार होते. ही सहल फसली, तर पुन्हा कुणी तिच्यावर विसंबून साध्या अलिबागलाही जाणार नव्हतं. घरचा धंदा सुरू होण्याआधीच बसला असता.

दोघांतलं कोण निवडायचं, या विचारात ती असताना काळूराम म्हणाला, "पेटी कुठं ठेवतील, ह्ये इचारलंस काय?"

ती आधी हसली. मग विचारलंच. पनवेलवाला म्हणाला, "टपावर टाकू ना ताई, दोरी मारू. काय होत नाही." तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. वाडी, औदुंबर, कोल्हापूर, पन्हाळा, एका दमात सगळं! अमिषाला हेच आवडलं होतं.

सिराजुद्दीनभाईंनी फोनवर पेटी केवढी, किती जड ते विचारलं. मग म्हणाले, "आधी पेटी बघायला येतो. बघितल्याशिवाय काय सांगू?"

आणि खरंच आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. वीत लावून मला मोजलं. "पुढं मावणार नाय. मागं धक्के बसतील. मधली एक सीट मोकळी ठेवतो." मग त्यांनी अमिषालाच प्रश्न घातले. कुणाचे गुडघे दुखतात? कुणाला साखर आहे? वाटेत बायकांसाठी कुठे थांबायचं ठरवलंय? शेवटी म्हणाले, "पन्हाळा काढा, ताई. या वयात एवढं होत नसतं. तुम्ही कबूल कराल आणि खोट्या पडाल."

ते गेल्यावर अमिषाने यादीतून पन्हाळा खोडला. मग म्हणाली, "आई, यांनी तर मलाच पारखलं."

"चांगलं घर तसंच करतंय," ठमी म्हणाल्या.

शेजारचा सदा टाळकरी. त्याला टोचल्याशिवाय भाकर पचत नसे. "काय गो अमिषा, दत्ताच्या दर्शनाला भाईची गाडी? आपल्यात गाड्या सरल्या काय?"

ठमी आतूनच म्हणाल्या, "तुझा पोर दुबईला उडून गेला, तवा इमान कुनाचं व्हतं ह्ये इचारलंस काय रं सदा?"

सगळी हसली, सदाही हसला. बस सिराजुद्दीनभाईंचीच ठरली.

वाडीतली दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर पौषात आम्ही निघालो. अमिषा राहीला घेऊन घरीच थांबली, फोन कानाशी. मधल्या सीटवर चादरीत गुंडाळलेली मी, शेजारी काळूराम. बस चालवायला सिराजुद्दीनभाईंचा पुतण्या मुआज. गाणी, हशा, लाडू. आणि कराड ओलांडलं तशी बस गुरगुरली आणि उभीच राहिली.

ऊन डोक्यावर. सदाने आधी अमिषाला फोन लावला. "मी सांगत व्हतो! बस आमची रस्त्यात, आमी उन्हात!"

पण मुआजनेही काकांना फोन केला होता; सदाचं बोलणं संपेपर्यंत सिराजुद्दीनभाईंनी कराडच्या ओळखीच्या माणसाकडून दुसरी गाडी काढलीसुद्धा. गाडी आली, पण लहान. माणसं कशीबशी मावली. मी काही मावेना. तो ड्रायव्हर म्हणाला, "टपावर चढवा की."

काळूरामने मला धरून ठेवलं. मुआज म्हणाला, "चाचा, वर तापून फुटेल ही. माझ्याजवळ ठेवा. बस दुरुस्त झाली की घेऊन येतो. इथून हलणार नाय मी."

काळूरामचे डोळे भरले. त्याने सुनेला फोन लावला. मला तिचा आवाज ऐकू आला. "ठेवा, बाबा. मी त्यांच्या भरवशावर तुम्हाला पाठवलंय. मग पेटी का नाही?"

गाडी गेली. रस्त्याकडेला मी आणि मुआज उरलो. मित्रांनो, ती दुपार मी कधी विसरणार नाही. त्याने मला बसच्या सावलीत ठेवलं. सावली सरकली की तो उठायचा आणि मलाही सरकवायचा. एखादा भरधाव ट्रक धूळ उडवत गेला की चादर झटकून पुन्हा पांघरायचा. मेकॅनिक बसखाली शिरला, तेव्हा मुआजने माझ्या शेजारी पंचा अंथरून दुपारचा नमाज पढला. मी जन्मभर टाळ-मृदंगाच्या गजरातली भक्ती ऐकली होती. एवढी निःशब्द भक्ती इतक्या जवळून प्रथमच पाहिली. बुवा असते तर आख्यानात घातली असती.

बस दुरुस्त होऊन आम्ही वाडीला पोचलो, तेव्हा सूर्य कृष्णेपलीकडे कलला होता. मंडळी घाटावर बसली होती. काळूराम हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे पाहत होता. ठमींच्या हातात फोन चालूच. पलीकडे अमिषा. मुआज मला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला आणि त्याने मला काळूरामपुढे ठेवलं.

काळूरामने आधी चादर काढली. मग माझ्या लाकडावर तळहात ठेवला. तसाच ठेवून राहिला.

"थंड हाय!" तो फोनच्या दिशेने ओरडला. "अमिषा, पेटी थंड हाय गो! पोरानं सावलीत ठेवली!"

फोनमधून राहीचं रडणं आलं आणि त्यात मिसळलेलं अमिषाचं. ठमी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "रडतेस कशाला, ऐक आता." सदाने न सांगता टाळ काढले. काळूरामने भाता ओढला आणि आखडलेल्या बोटांनी सूर धरला. मुआज वरच्या पायरीवर बसून ऐकत होता.

मित्रांनो, पुढच्या सहलीसाठी त्याच आठवड्यात शेजारच्या गावातून माणसं आली. पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचं आहे. आपली माणसं कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा चकचकीत ऑफिस आणि गोड बोलणं यांवर जाऊ नका. बरोबर नेण्याची एखादी नाजूक वस्तू दाखवा आणि विचारा, ही कुठे ठेवाल? जो मुक्या लाकडाला ऊन लागू देत नाही, तो तुमच्या आजीला उन्हात उभं करणार नाही.

आणि तुमच्या घरी पलंगाखाली माझी एखादी बहीण असेल, तर अधूनमधून तिचा भाता हलवा. वाजवता नाही आलं तरी चालेल. तिला श्वास घेऊ द्या.