बुटासाठी वर घेतलेला ब्रेक

आमच्या उत्कर्षनं घोट्याच्या वर येणारे बूट आणले. काय तर म्हणं, गाडीवर लांब फिरायला असलेच लागतेत! बुटाचा पंजा एवढा जाड की गेरच्या दांडीखाली शिरंना. मग पोरगं पाना घेऊन बसलं. गेरची दांडी वर घेतली, पायातला ब्रेकबी वर घेतला.

दुसऱ्या दिवशी नणंदेकडं तुळजापूरला बारसं होतं. म्या मालकांना म्हनलं, "पोरानं दांड्या हलवल्यात, जरा बघून घ्या." तर म्हनले, "मिसरूड फुटल्यापासून गाडी चालवतोय. मला नको शिकवू." घातली चप्पल अन् निघाले. म्या मागं एका अंगानं बसले. जाताना नुसता चढ, ब्रेक कशाला लागतोय?

जेवून परत तामलवाडीकडं घाट उतराय लागलो. वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. ह्यांनी पाय दाबला. गाडी थांबंना, उलट पळाय लागली.

"अवो, ब्रेक!"

"पाय खाली गेलाय गं! चप्पल अडकली ब्रेकखाली, निघंना!"

एका बाजूला दरी, दुसऱ्या अंगानं वर येणारी बस. ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा डेक एवढा मोठा लावलेला की त्या मुडद्याला हॉर्न ऐकू जाईना. ट्रॉलीतनं बाहेर आलेली उसाची टोकं नीट आमच्या तोंडाकडं यायली होती.

"हातातला दाबा!"

"येडी का खुळी? उतारावर हातातला दाबला तर गाडी उलटंल!"

आमच्याकडच्या समद्या गड्यांचं हेच. हातातला ब्रेक म्हंजी मरण, तो नुसता शोभेला. आता मरण तोंडापुढं आलं तरी ह्यांचा हात तिकडं जाईना.

"आई भवानी! अवो, दाबा! दोघंबी मरतो न्हायतर!"

डोळे मिटले अन् दाबला त्यांनी. गाडी हिसडली, मागचं चाक सरकलं. म्या सीटवरनं घसरून रस्त्यावर आपटले. माकडहाड असं शेकलं की डोळ्यापुढं अंधारी आली.

गाडी उभी राह्यली होती. ट्रॅक्टर डेक वाजवत वळणाआड गेला. बारशाच्या घुगऱ्या डांबरावर पांगल्या होत्या.

हे गाडीवर तसेच बसलेले. दोन्ही हात गच्च धरलेले, नजर समोर. पाठीमागचं वजन गेलेलं त्यांना कळलं होतं, पर मागं वळून बघायची हिंमत होईना.

"कस्तुरा," बारीक आवाजात म्हनले, "हायेस का गं?"

जल्मभर म्या ह्यांच्या एका शब्दाला धा शब्द दिलेत. तवा एक फुटंना.

"कस्तुरा... बोल की गं."

उठले, लंगडत गेले अन् पाठीत एक बुक्की घातली. तवा कुठं त्यांनी मान वळवली. माझा हात धरला अन् येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मोठ्यानं रडाय लागले.