उगवतीकडं तोंड

थांब ना टेम्पोवाल्या भाऊ, गाडी बंद कर जराशी. आज आमच्यासंगं काय झालं ते ऐक. मले तं अजून बी उमजलं नाही.

ही धुरपदा, माझी बायको. अन् हा युसूफ, शिलाई मशिनी दुरुस्त करतो, जुना दोस्त हाये. तिघं सकाळी या वनउद्यानात आलो. दोन तळी, मधात झाडीतल्या पायवाटा. भरीत-पुऱ्या खाल्ल्या, लय फिरलो. पण बस गाठायची होती, कारण आमची म्हैस. धुरपदाबिगर कोणाले आचळाले हात लावू देत नाही. ही वेळेवर नाही पोचली तं म्हैस गोठा डोक्यावर घेते.

युसूफ म्हणे, "नाना, फिकीर नको. जागोजागी दगडावर बाण हाये, गेटाकडं नेतो."

निघालो. पहिला दगड म्हणे इकडं. गेलो, तं पुढं पाणी. मागं फिरलो, दुसरा दगड बी पाण्याकडंच. तिसरा बी!

"युसूफ, हे मगाचंच तळं का दुसरं?"

"मगाचं तं लहान होतं."

"मंग हे मोठं कसं झालं?"

"मले काय विचारता, म्या खणलं का?"

काठावर पाहतो तं जळगावची पोरं, एक नवराबायको, एक मास्तर, बठ्ठे बाण पाहून तठीच येऊन उभे. सारे पाण्याकडं पाहू राहिले.

शेवटी रखवालदार शिट्टी फुंकत आला. "दगड कोणी फिरवले?"

धुरपदा पुढं झाली. "म्या. वीतवीतभर शेंदराचे देव, कपाळी पांढरं गंध, अन् एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं! येता येता बठ्ठ्यांचं तोंड उगवतीकडं केलं. एक तं आडवा पडला होता बिचारा."

"आजी, ते गंध नाही, बाण हाये! वाट दाखवाले! उगवतीले तं नुसतं तळं हाये!"

"मंग शेंदरी कायले रंगवले?"

रखवालदारानं शिट्टी खिशात टाकली. दोन ठिकाणी तं म्या हात जोडले होते, भाऊ.

त्यानं गेटापर्यंत आणून सोडलं, तं बसची नुसती धूळ दिसली. आता ही विचारते, माझं काय चुकलं? काय सांगू हिले? देव म्हणू का बाण म्हणू?

जाऊ दे. तू यावलकडंच चालला ना? मागं केळीचे रिकामे क्रेट दिसतात. त्यातच बसतो आम्ही. घेऊन चल ना भाऊ, म्हैस हंबरत असंन.