पोतेरा न फिरवलेली भिंत

"रोगी कुठी हाये?" कंपाउंडरनं खिडकीतूनच विचारलं.

प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मागच्या खेपेला हाच माणूस म्हणाला होता, औषधाला घरची बाटली आणा. त्याच्या आदल्या खेपेला म्हणाला होता, डॉक्टर दौऱ्यावर गेले. आज बाटली होती, डॉक्टर होते, तर आता याला रोगी पाहिजे होता.

"रोगी चालत आला असता त मी कायले आली असती?" ती म्हणाली. "सून हाये माही. सातवा लागला तिले. दिवसाआड हुडहुडी भरते अन् ताप येते. बंडीत टाकून आणली अन् रस्त्यातच मोकळी झाली, त तू आडोसा धरशीन काय, बापू?"

मागच्या बाया पदराआड हसल्या. आवाज आत पोचला असावा, कारण डॉक्टरनंच तिला बोलावून घेतलं.

डॉक्टर नवाच होता, बोलणं पुण्याकडचं. त्यानं सगळं विचारून घेतलं, कडू गोळ्यांची पुडी बांधून दिली आणि म्हणाला की गोळ्यांनी ताप उतरेल, पण घरात डास राहिले तर पुन्हा चावतील आणि पुन्हा येईल. याआधीचं मूल कशानं गेलं, असंही त्यानं विचारलं. प्रयागबाई गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधू लागली. मागच्या आश्विनात सुनेचं, पंचफुलाचं पोर असंच तापात, दिवस भरायच्या आत आलं आणि सुईणीच्या हातातच गार पडलं. ते काय दवाखान्यात सांगत बसायचं?

गावात फवारणी झाली का, या प्रश्नावर मात्र तिची मान ताठ झाली. झाली म्हणजे? तिच्यामुळेच झाली होती. गल्ली अरुंद आहे, चिखल आहे, अशी कारणं सांगून फवारेवाले परत निघाले होते. ही त्यांच्या मुकादमासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेजारणींनी चुलीपाशी आणि देवापाशी पंप येऊ दिला नाही. हिनं गाडगी-मडकी अंगणात काढून अख्खं घर उघडं करून दिलं, गोठ्यासकट.

"मग काळजी नाही, आजी," डॉक्टर म्हणाला. "भिंतीवर औषध आहे तोवर डास बसला की मेला."

ही शाबासकी पदरात बांधून प्रयागबाई मोटारीत बसली, किन्हीराजाच्या फाट्यावर उतरली आणि चिखल तुडवत गावाच्या वाटेला लागली. बऱ्याच दिवसांनी तिला कोणाला शिवी द्यावीशी वाटत नव्हती.

दारातच ओल्या मातीचा वास आला.

पंचफुला बाजेवर चढून भिंतीवर पोतेरा फिरवत होती. कोपरापर्यंत माती, तोंडावर रक्ताचा टिपूस नाही, पण हसत होती. ओसरी झाली होती, माजघर झालं होतं, चुलीची भिंत झाली होती. पांढऱ्या मातीखाली फवाऱ्याचा एक ओघळ दिसेल तर शपथ.

"मामी, पाहा बरं," ती म्हणाली. "एकबी डाग ठेवला नाई. परवा महालक्ष्म्या येतीन."

प्रयागबाईच्या भिंती गावात नावाजलेल्या. माशी बसली तर घसरेल, असं लोक म्हणत. सुनेनं सारवलेल्या भिंतीवरून ती बोट फिरवून बघे आणि नाही पटलं तर ओल्यातच खरवडून पुन्हा करायला लावे. लग्नाच्या पहिल्या वर्षी पंचफुला त्या भिंतीपाशी रडली होती.

"कोणं सांगतलं तुले?"

"तुमीच त म्हणून राह्यल्या होत्या. मेल्यायनं भिंतीचं वाटोयं केलं म्हणे."

म्हटलं होतं खरं. फवारेवाले गेल्यापासून ती ते ओघळ पाहून पुटपुटत होती. मुकादमानं जाताना दारात बजावलं होतं, दिवाळी होईस्तोवर भिंतीला माती लावू नका, औषध जाईल. हिनं मान डोलावली होती. पण सुनेला ते सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. त्या घरात काम सांगत, कारण सांगत नसत.

तिनं सुनेला हाताला धरून खाली उतरवलं, गोळी चारली आणि आल्या पावली फवारेवाल्यांच्या मागे पुढच्या गावी गेली. मुकादम भाऊसिंग झाडाखाली भाकर खात होता. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, गावोगाव हेच चालू हाये. आमी पुढं निघतो, मांगून बाया पोतेरा घेऊन निघतेत. सांगून सांगून तोंड सुकलं. मोजून औषधाची भुकटी भेटते आमाले. आता फवारा पुढच्या साली."

प्रयागबाईनं उभ्या जन्मात कोणापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. भाऊसिंग भाकर खाली ठेवून उठून उभा राहिला, पण भुकटी काही त्याच्यापाशी नव्हतीच.

घरी येईपर्यंत तिनं सरकारला, मुकादमाला, महालक्ष्म्यांना आणि पांढऱ्या मातीला शिव्या घातल्या. स्वतःची पाळी आली तेव्हा घर आलं होतं. बैल सोडायला गोठ्यात गेली आणि थबकली. गोठ्याची भिंत तशीच होती, ओघळांनी बरबटलेली. सुनेचा पोतेरा तिथवर पोचलाच नव्हता.

बाज गोठ्यात आली. बैल बाहेर, बाभळीखाली. लेक जगदेव कुरकुरला, सणासुदीला पोटुशी सून गोठ्यात, लोक काय म्हणतील.

"म्हणतीन," ती म्हणाली. "आजवर मी म्हणत होती, लोकं ऐकत होते. आता लोकं म्हणतीन, मी ऐकतो."

महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी हळदीकुंकवाला बाया आल्या, आणि चतुराबाई मुद्दाम वळसा घालून गोठ्याशी आली. तिच्या ओसरीच्या भिंतीला प्रयागबाईनं भर पंगतीत नावं ठेवली होती, त्याला काही वर्षं झाली होती, पण चतुराबाई विसरणारी नव्हती.

"सणाच्या दिवशी ही भिंत, प्रयागबाई?" तिनं कोपऱ्यातला पोतेरा उचलला. "थांबा, मी हात मारून देतो. तुमच्यानं आता होत नसन."

प्रयागबाईनं तिच्या हातातून पोतेरा काढून घेतला.

"राहू दे, बाई," ती म्हणाली.

चतुराबाई नेहमीच्या शिवीची वाट पाहत थांबली. काहीच आलं नाही, तशी निघून गेली.

आज तापाच्या पाळीचा दिवस होता. याच वेळेला सुनेचे पाय गार पडून थंडी वर चढायची. घरात, चकचकीत भिंतींमध्ये आरती सुरू झाली. टाळ्या ऐकू आल्या, पण प्रयागबाई उठली नाही. पोतेरा मांडीखाली दाबून ती बाजेच्या पायथ्याशी बसली होती, सुनेचा तळपाय मुठीत धरून.

तळपाय अजून ऊबदार होता. आरती संपली, तरी तिनं हात काढला नाही.