एकशेबाराव्या पानावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. एका जर्मन तत्त्ववेत्त्याच्या अवघड पुस्तकाचं जुनं इंग्रजी भाषांतर. माझं एकेक वाक्य अर्धं पान खातं, त्यामुळे भलेभले मला उघडून जांभया देतात. लातूरच्या गुरुबसप्पा सरांनी मात्र वीस वर्षं मला वर्गात शिकवलं.

त्यांच्या वर्गात अयोध्या होती, किल्लारीकडच्या खेड्यातली. तिनं माझ्या एकशेबाराव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलं, 'माणूस एकटा स्वतःला ओळखत नाही. दुसऱ्यानं ओळखावं लागतं.' माझ्या गुंतागुंतीच्या वाक्यातून सरांना नेमकं उलटं कळलं होतं. त्यांनी लाल पेनानं फुली मारली.

"पुस्तक गावाकडं ने अन् नीट वाचून ये," ते म्हणाले. ती गणपतीत वसतिगृहातच राहणार होती. सरांच्या शब्दाखातर गेली.

विसर्जन झालं आणि पहाटे जमीन हलली. मी तिच्या उशाशी होतो. ढिगाऱ्याखाली काही वेळ तिचा श्वास ऐकू आला, मग आला नाही. तिचे वडील पिराजी शेतात झोपले होते म्हणून वाचले. चौदाव्या दिवशी ते मला घेऊन लातूरला आले.

"सर, तुमचं पुस्तक हाय. पोरगी वाचत व्हती."

सरांनी मला कपाटात ठेवलं. पुढं लातुरात शिकवणीवर्गांचं पेव फुटलं. तत्त्वज्ञानाला पोरं मिळेनात, सर निवृत्त झाले. शेजारच्या क्लासमध्ये दिवसभर माइकवर भौतिकशास्त्र चाले. त्या गोंगाटातही मला कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज यायचा. अजून येतो. तुम्ही हसाल, पण खोटं कशाला बोलू?

भूकंपानंतर वीस वर्षांनी सरांचे मित्र, इंग्रजीचे प्राध्यापक तय्यबभाई, त्याच ग्रंथाचं नवं भाषांतर घेऊन आले. झालं, आता आपली रवानगी रद्दीत, असं मला वाटलं. सरांना मोतीबिंदू होता, म्हणून त्यांनी सांगितलेला, माझ्या एकशेबाराव्या पानावरचाच परिच्छेद तय्यबभाईंनी नव्यात काढून वाचला. नव्याचं वाक्य कसं स्वच्छ होतं. मग त्यांनी माझ्या समासातली पेन्सिलीची ओळ आणि तिच्यावरची फुली पाहिली.

"सर, पोरीचं बरोबर होतं."

"पुन्हा वाचा."

तीनदा वाचून झालं. सर मुलासारखे रडले. "मलाच कळलं नव्हतं, तय्यबभाई. अन् वाचून ये म्हणून मीच पाठवलं तिला."

त्यांनी चाचपडत लाल पेन घेतलं आणि फुलीखाली लिहिलं, 'बरोबर.' दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन पिराजींच्या पुनर्वसनातल्या घरी गेले. सरांनी हात जोडून सगळं सांगितलं. पिराजींनी मला हातात घेतलं.

"म्हंजे पास झाली म्हणा की," ते म्हणाले.

आता मी तिथंच आहे. पिराजींना वाचता येत नाही. रोज संध्याकाळी ते मला मांडीवर घेतात आणि पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवतात. पानांतून अजून थोडी माती गळते, ती ते झटकत नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणाच्या लिहिण्यावर फुली मारायच्या आधी, तो माणूस समोर आहे तोवर, त्याला एकदा विचारा.